खांड गेली की धावायचं

सानपाडा गाव,
९ एप्रिल १९८९

प्रिय गोजरा,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे बरे आहेत. तुझी आई बरी आहे, मी बरा आहे, म्हातारी शेळीसुद्धा बरी आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण आपल्या घरात टपाल आलं की आधी रडायचं आणि मग फोडायचं अशी रीत आहे. तुझ्या शाळेतल्या नोकरीची तार आली तेव्हा तुझ्या आईनं काय गोंधळ घातला होता, आठवतं ना? अर्धी आळी गोळा झाली होती आणि शेजारचा सिताराम वाचून दाखवेपर्यंत कोण गेलं असेल याचा अंदाज चालला होता. तेव्हा आधी पाणी पी, बाळाला मांडीवरून खाली ठेव, मग पुढं वाच. त्याचा खोकला गेला का? नागोठण्याला नदीकाठची हवा, पहाटे गारठा असणारच. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेक देत जा, पण आधी स्वतःच्या हाताला लावून बघ, चटका बसेल. सुधीररावांना नमस्कार. त्यांना म्हणावं, स्कूटर सावकाश चालवा.

बातमी एकच आहे आणि ती तुला आधीच कळलेली आहे. तुमच्या खेळाच्या ठोसर बाई जूनमध्ये कॉलेज सोडून जातायत. अचलपूरला त्यांचे वडील एकटे आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, आणि बाईंचे स्वतःचे गुडघेही आता साथ देत नाहीत. त्यांच्या जागी कोणी उभं राहिलं नाही तर कॉलेज मुलींची सॉफ्टबॉलची टीम बंद करणार आहे आणि ते मैदान लग्नकार्याला भाड्यानं देणार आहे. बाईंनी तुझं नाव सुचवलं होतं. कॉलेजचं पत्र तुला आलं आणि ‘मला जमणार नाही’ असं तू दोन ओळींत कळवून टाकलंस. हे मला तुझ्याकडून नाही, कॉलेजचा शिपाई गोटीराम आहे ना, त्याच्याकडून कळलं. मी रागावलेलो नाही. पण त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. तुझी आई म्हणते, “तुमाला कदी गोड लागलंय? पोरगी पास झाली तवा पन पेढा हातात धरून बसलाव, पुढच्या वर्षी नापास झाली तर म्हनून.” तिचं खरं आहे. मी आहेच असा. पण या वेळची काळजी उगीचची नाही, म्हणून चौथी शिकलेल्या हातानं हे एवढं मोठं पत्र लिहायला बसलोय.

तू बाईंना मैदानात बघितलंस. मी त्यांना मैदानाच्या कडेनं बघितलंय, आणि कडेच्या माणसाला वेगळंच दिसतं. पहिल्या दिवशीचंच घे. तू तेव्हा नववीत होतीस आणि बांधाच्या मागं दडून बसली होतीस, त्यामुळं पुढून ते सगळं कसं दिसत होतं ते तुला माहीत नाही. नव्या शहरासाठी सरकारनं आपल्या जमिनींची मोजणी केली होती. बांधाखालचं शेत कागदावर आपलं राहिलं नव्हतं, पण तिथं अजून कोणी वीट ठेवली नव्हती, म्हणून मी रोज सकाळी जाऊन उगीच त्याच्या बांधावर उभा राहायचो. त्या काळात गावात दोन वस्तूंची दहशत होती, एक मोजणीची फीत आणि दुसरी पांढरी फक्की. जिथं कोणी फीत ताणली, खुंटी ठोकली आणि चुन्याची रेघ मारली, तिथलं गेलंच म्हणून समजायचं. एका सकाळी आपल्या आळीतला देवजी ओरडत आला, “आरं, गावठान मोजाया आलेत! बाईमानूस पाठवलाय यावेली!” आम्ही हातातलं टाकून पळालो. बघतो तर खरंच, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटात एक उंच बाई, गळ्यात शिट्टी, हातात लांबलचक फीत, आणि आपल्या शेतावर पांढऱ्या रेघांचा एक मोठा तिरका चौकोन.

पुढचं काय सांगू. बायकांनी पायांनी फक्की पुसली. देवजीनं खुंट्या उपटून चिखलात फेकल्या. मी म्हणे सर्वांच्या पुढं होतो, आणि ओरडत होतो, “म्याडम, फीत गुंडाला आनी चालत्या व्हा! शेत नेलंत, आता घरात पन घुसताव काय?” बाई गोंधळल्या आणि त्यांच्या तोंडून गावाकडची बोलीच बाहेर पडली. “काय बोलून राहिले तुम्ही? कायची जमीन? मी खेळाचं मैदान आखून राहिली ना, दादा!” ते ऐकून तर आमची खात्रीच पटली. देवजी माझ्या कानात म्हणाला, “बघ, मुद्दाम लांबून आनलीय. हितं कोनाची ओलख निघू नये म्हनून.” तेवढ्यात बांधामागून एक ढेकूळ सूं करत आलं आणि बाईंवर न पडता माझ्या पाठीत बसलं. आम्ही सगळे मागं वळून बघू लागलो. बाई मात्र हसायला लागल्या. “हे कोणी फेकलं?” मग तू वर आलीस, चिखलानं भरलेली, रडायच्या बेतात. मला वाटलं, आता ही पोलिसात देणार. तर तुझ्याकडं बघून म्हणतात कशा, “नेम अगदीच वाईट आहे. पण हात छान आहे. दहावीनंतर ये माझ्याकडं, नेमाचं आपण बघून घेऊ.”

त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तर तक्रार करायला गेली असती. बाई तिथंच बांधावर बसल्या आणि काडीनं जमिनीवर रेघा ओढून आम्हाला खेळ समजावू लागल्या. इथून बॉल मारायचा, इथं पळायचं, मग इथं, मग इथं, आणि पुन्हा निघालो तिथंच यायचं. देवजीनं विचारलं, “आनी पलून झाल्यावर?” बाई म्हणाल्या, “घरी जायचं.” “आनी जमीन?” “ती इथंच राहील दादा, मी कुठं पिशवीत घालून नेणार?” गावात कित्येक महिन्यांनी कोणी जमिनीच्या गोष्टीवर हसलं असेल तर त्या दिवशी. दुसऱ्या सकाळी त्या आपल्या दारात आल्या. मला म्हणाल्या, “नामादादा, फितीचं एक टोक तुम्ही धरा. तुमच्या हातात दिसली की कोणी धावून येणार नाही.” तेव्हापासून दर वर्षी हंगामाची पहिली आखणी झाली ती मी होमवर, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागी, टोक धरून बसल्यावरच. ज्या फितीनं शेत गेलं, तीच हातात धरून बसायचं. पहिल्या वर्षी मी ते टोक मुठीत आवळून धरलं होतं. बाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या बाजूनं फीत जरा सैल सोडली.

मग तू कॉलेजात गेलीस. मला किती धास्ती होती, तुला आठवत असेल. पोरीच्या जातीनं अर्ध्या चड्डीत खेळायचं? दात पडला तर? बाईंनी त्यावर भांडण केलं नाही. त्या तुम्हा सर्वांच्या आयांना गाठायला घराघरांत गेल्या, आणि तेही भाकऱ्या चालू असतानाच्या वेळी, म्हणजे कोणी उठून जाऊ शकत नाही. आपल्या घरी तुझ्या आईनं मुद्दाम सुक्या जवळ्याची चटणी वाढली होती, बाई जातायत का राहतायत बघायला. जन्मात मासळी न खाल्लेल्या त्या बाईनं डोळ्यांतून पाणी काढत सगळी भाकरी संपवली आणि म्हणाली, “वहिनी, आता तरी पोरगी द्या.” तुमच्या टीममधल्या पुतळाची आजी तर तोंडावर विचारायची, “बाय, तू लगीन का नाय केलास?” त्या म्हणायच्या, “आजी, नऊ पोरी सांभाळता सांभाळता जीव जातो, त्यात दहावा कुठं घेऊ?” कॉलेजनं त्यांना हातमोजेसुद्धा पुरेसे दिले नव्हते. डाव संपला की तुम्ही मोजे तिथंच गवतात टाकायचात आणि दुसऱ्या बाजूच्या मुली तेच घालायच्या. बॅटची मूठ सायकलच्या फाटक्या ट्यूबनं गुंडाळलेली असायची. आणि पांढरा शर्ट घालून सकाळी सगळ्यांच्या आधी बाई मैदानात हजर. पावणे गावातल्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या दोन मुली होत्या, त्यांची कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांचा सराव व्हावा म्हणून.

एकदा ते मैदान दुसऱ्या कशाला तरी द्यायचं घाटत होतं. बाई तुम्हा सर्वांना गणवेशात घेऊन बेलापूरच्या सरकारी ऑफिसात गेल्या आणि साहेबाच्या दाराबाहेर रांगेनं बसल्या. कारकून म्हणाला, “बाई, इथं मॅच आहे का?” बाई म्हणाल्या, “आहे ना, आज तुमच्याशी.” मी तिथं नव्हतो, पण पुतळानं ते इतक्यांदा सांगितलंय की आता मला वाटतं मी रांगेतच बसलो होतो. मैदान राहिलं.

पण मला त्यांचं सर्वात मोठं काय वाटतं ते वेगळंच आहे. एका दुपारी फक्की चाळता चाळता मी त्यांना जुन्या गोष्टी सांगत होतो. सांगत होतो की इथं खाडीचं पाणी अडवायला बांध होता, आणि उधाणाच्या भरतीला त्या बांधाला खांड जायची, म्हणजे भगदाड पडायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची कितीतरी वर्षं भात नाही. म्हणून ज्याला दिसेल त्यानं बांधावरून हाक मारायची, ‘खांड!’ आणि गावानं धावायचं. जेवत असेल त्यानं ताटावरून उठायचं, हळद लागलेल्या नवऱ्यानंसुद्धा टोपली उचलायची. आणि एक नियम होता, खांड कोणाच्या शेताकडून गेली हे विचारायचं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. विचारलं की पुढच्या वेळी माणूस खांड दिसली तरी भीतीनं हाक मारत नाही. बाईंनी चाळणी खाली ठेवली. “पुन्हा सांगा,” म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या टीमचा तो नियम झाला. कोणाच्या हातून बॉल सुटला की बाकीच्यांनी ‘खांड!’ म्हणून ओरडायचं आणि बॉलच्या मागं धावायचं. जिच्या हातून सुटला तिच्याकडं बघायचं नाही. मुंबईच्या टीम हसायच्या, पंच विचारायचे हा कसला इशारा. पण सुटलेल्या बॉलवर तुमच्याविरुद्ध धाव काढणं कोणाला जमेनासं झालं. माझ्या अडाणी गोष्टीचा कोणी असा उपयोग करेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या बाईंना गावात येऊन दोन-तीन वर्षंच झाली असतील, आणि त्यांनी आपला बुडालेला बांध तुम्हा पोरींच्या पायांत उभा केला.

आता मला त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. तू वाचायचं थांबशील अशी भीती वाटते. थांबू नकोस. तीन वर्षांपूर्वीची कॉलेजांची फायनल. शेवटचा डाव, दोन्हीकडं सारख्या धावा, त्यांची मुलगी तिसऱ्या बेसवर, होमपासून एकच टप्पा लांब, आणि पिचर तू, बॉल टाकत होतीस. तुझा बॉल मागं झेलायला बसलेल्या पुतळाच्या डोक्यावरून गेला. ती मुलगी होमवर आली आणि ढाल त्यांनी नेली. तू हातमोजा तोंडावर धरून बसलीस ती उठलीच नाहीस.  घरी आल्यावर तू बूट माळ्यावर टाकलेस. लग्न झालं, नागोठण्याला गेलीस, बाळ झालं. माहेरी येतेस तेव्हा बसथांब्यावरून मैदानाच्या बाजूनं सरळ वाट असताना देवळाला वळसा घालून येतेस. तुला वाटतं आम्हाला कळत नाही. तुझी आई मागं एकदा पाटावरवंट्याशी बसल्या बसल्या म्हणाली, “पोरीची चप्पल जास्त झिजते.” एवढंच. 

तुला जे ठाऊक नाही ते असं. त्या फायनलनंतर कॉलेजात बैठक झाली. चहा द्यायला गोटीराम आत होता, त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. कोणीतरी म्हणालं, हातची ढाल त्या गावच्या पोरीनं घालवली, पुढच्या वर्षी पिचर शहरातली घ्या. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बॉल माझ्याकडून सुटला. तिचं बोट फुटलेलं होतं, ते मला पहिल्या डावापासून दिसत होतं. तरी मी तिला बदललं नाही, कारण मला ढाल हवी होती.” ते ऐकून मी धावत बाईंकडं गेलो. म्हटलं, हे तिला सांगा, पोरगी आतल्या आत कुढतेय. बाई फक्कीची रेघ ओढायची थांबल्या. म्हणाल्या, “सगळ्यांच्या मागं मी माणूस ठेवला, नामादादा. पिचरच्या मागं ठेवायचा राहिला. आता मी जाऊन तिला सांगितलं की चूक माझी, तर तिला वाटेल मी तिची समजूत काढते. ती स्वतः मैदानात आली की तिला दिसेल.” त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात बॉल टाकणाऱ्या मुलीची बोटं त्या दर डावाला स्वतः हातात घेऊन बघतात. मी बघितलंय. आणि कोणाचा बॉल असा वर गेला की सगळ्यांत आधी, दुखऱ्या गुडघ्यांनी, ‘खांड!’ म्हणून त्याच ओरडतात.

काल त्या आपल्या घरी आल्या होत्या. तुझ्या आईनं जवळा केला, आता त्या मागून घेतात. जाताना ओटीवर ती फीत ठेवली, जुनीच, कातडी डबीतली. मी विचारलं, ही इथं कशाला? म्हणाल्या, “कॉलेजच्या कपाटात ठेवली तर कोणी घर मोजायला नेईल.” मग मला बजावलं, “गोजराला लिहू नका. आग्रहानं आणलेला माणूस मैदानात उभा राहतो, खेळत नाही.” मी हो म्हटलं. रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी तुझ्या आईनं स्वतःच पत्राचा कागद आणून दिला आणि म्हणाली, “लिवा एकदाचं. नायतर तुमाला बी झोप नाय नि मला बी.”

म्हणून लिहितोय. येत्या रविवारी सकाळी उन्हाळी सरावाची आखणी आहे, बाईंची शेवटची. मी होमवर टोक धरून बसणार आहे. बाईंना आता फीत घेऊन लांबपर्यंत चालवत नाही, दुसरं टोक धरायला कोणी नाही. तू नोकरी घे असं मी म्हणत नाही. ते तू आणि सुधीरराव ठरवा. त्यांची बदली, बाळाचं बघायचं, माझ्या डोक्यात काय काय काळज्या आहेत ते लिहायला दुसरं पत्र लागेल. आणि खरं सांगायचं तर थोडा माझाही स्वार्थ आहे. ते शेत आपलं होतं. तिथं आपल्या घरातलं माणूस गळ्यात शिट्टी घालून उभं राहिलेलं बघावं असं मला वाटतं, हे मी बाईंनाही कधी बोललो नाही. पण त्यासाठीसुद्धा हे पत्र नाही. तीन वर्षं तू एकटी उभी आहेस आणि खांड कोणाच्या शेताकडून गेली ते स्वतःलाच विचारत बसली आहेस. आपल्यात ते विचारत नाहीत. आता टीम जातेय, मैदान जातेय, आणि बाईंनी हाक मारायची नाही असं ठरवलंय. पण ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, हा नियम त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता, आणि मला दिसतंय. तर हे पत्र बांधावरून आलेलं समज. गोजरा, खांड गेलीय. बाळाला कानटोपी घालून आण, पण ये.

तुझाच,
बांधावर उभा असलेला
बाबा